जुना मॉनिटर, नवा लॅपटॉप: पिन बसली म्हणजे डिस्प्ले आला असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: नव्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि दोन टाइप-सी पोर्ट आहेत. घरात २२ इंची जुना मॉनिटर पडून आहे. त्याच्या मागे एक निळं व्हीजीए सॉकेट आणि शेजारी एक पांढरं, लांबट सॉकेट. दुकानात 'व्हीजीए-एचडीएमआय अडॅप्टर द्या' म्हणून सांगितलं, मिळालेला अडॅप्टर थेट मॉनिटरच्या मागे बसला, त्याला घरातली एचडीएमआय केबल जोडून लॅपटॉपला लावली. सगळं घट्ट बसलं, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो आणि झोपतो. अडॅप्टर बदलून आणू, की मॉनिटर भंगारात देऊ?

मॉनिटर इतक्यात भंगारात देऊ नका. अडॅप्टरही बहुतेक ठणठणीत असेल, फक्त तो तुमच्या कामाचा नाही. अडॅप्टर थेट मॉनिटरच्या मागे बसला, या एका वाक्यात सगळं आलं. मॉनिटरवर व्हीजीएची भोकं असतात. त्यात थेट बसणाऱ्या अडॅप्टरला व्हीजीएच्या पिना असणार आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआयचं भोक. हा 'व्हीजीए टू एचडीएमआय' झाला, म्हणजे जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडायचा. तुम्हाला हवा आहे बरोब्बर उलटा: 'एचडीएमआय टू व्हीजीए'. त्याला लॅपटॉपमध्ये घुसणारी एचडीएमआयची पिन असते आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीएची भोकं, ज्यात मॉनिटरची नेहमीची दोन्हीकडे पिना असलेली निळी केबल लागते.

गंमत अशी की उलटा अडॅप्टरसुद्धा साखळीत कुठेही न अडता बसतो, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. ओळखायची एक सोपी खूण आहे. उलट्या दिशेच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा यूएसबीची एक शेपटी असते, वीज घेण्यासाठी, आणि आवाज आत घेण्यासाठी ३.५ मिमीची बारीक वायर किंवा जॅक. बऱ्याच जणांना वाटतं की ती यूएसबी लावायची राहिली म्हणून चाललं नाही. लावून बघा हवं तर, त्यातला दिवा लागेल, डिस्प्ले येणार नाही. विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर येऊ देतो पण खाली जाऊ देत नाही, तसाच हा प्रकार आहे. आत बसलेली चिप एकाच दिशेने काम करते. खोक्यावर 'टू' हा शब्द असतो, त्याच्या अलीकडचं नाव कॉम्प्युटरचं आणि पलीकडचं मॉनिटरचं. दुकानात मागतानाही 'लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे' असं पूर्ण सांगा. नुसतं 'व्हीजीए-एचडीएमआय द्या' म्हटलं की काउंटरवरचा पोरगा हाताला येईल ते देतो.

आता चिप लागतेच का, हे समजून घेतलं तर पुढची सगळी खरेदी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. व्हीजीए आलं १९८७ साली, आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर. तेव्हा मॉनिटर म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब. लाल, हिरवा, निळा या तीन रंगांसाठी तीन तारा आणि प्रत्येक तारेवर कमी-जास्त होणारं व्होल्टेज. ही अॅनालॉग पद्धत. एचडीएमआयमधून मात्र शून्य आणि एक अशा आकड्यांचा प्रवाह येतो. आकड्यांचं व्होल्टेज करायला मध्ये कोणीतरी लागतं, आणि ते काम कन्व्हर्टरमधली चिप करते. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी एकसंध केबलही मिळते. तिच्या एखाद्या टोकाच्या प्लास्टिकमध्ये चिप असेल तर ती चालेल. पण दोन्ही टोकं सडपातळ, आत नुसत्या तारा, अशीही केबल विकली जाते आणि ती लॅपटॉपवर कधीच चालत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून खुश होऊ नका.

पण तुमच्याकडे याहून चांगला रस्ता आहे, आणि तुम्ही त्याचा उल्लेख जाता जाता केलात. ते पांढरं लांबट सॉकेट म्हणजे डीव्हीआय. १९९९ मध्ये आलेलं हे जोडणं आहे डिजिटल, आणि एचडीएमआय पुढे त्याच्याच पायावर उभं राहिलं. चित्राचा सिग्नल दोघांचा एकाच जातीचा, फरक मुख्यतः प्लगच्या आकारात आणि एचडीएमआयमध्ये आवाज जातो यात. म्हणून एचडीएमआय-डीव्हीआय केबलमध्ये चिप लागत नाही, वेगळी वीज लागत नाही, आणि ती कोणत्याही दिशेने चालते. बिघडण्यासारखं त्यात काही नसतंच. चित्र व्हीजीएपेक्षा स्पष्ट दिसतं, कारण आकडे शेवटपर्यंत आकडेच राहतात. तुमच्या जागी मी असतो तर व्हीजीएच्या वाटेलाही गेलो नसतो. मीटर-दीड मीटरची एचडीएमआय-डीव्हीआय केबल आणली असती आणि विषय संपवला असता. अशा केबल्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात, गावाकडे असाल तर ऑनलाइन मागवा.

घेताना एकच बघायचं. डीव्हीआयच्या प्लगमध्ये एक आडवी चपटी पट्टी असते. त्या पट्टीच्या वर-खाली मिळून चार वेगळ्या पिना असतील तर तो डीव्हीआय-आय, म्हणजे डिजिटलबरोबर अॅनालॉगही वाहून नेणारा, ज्याला दुकानात '२४+५' म्हणतात. नसतील तर डीव्हीआय-डी, '२४+१'. मॉनिटरला बहुतेक करून डीव्हीआय-डीचं सॉकेट असतं, आणि त्यात २४+५चा प्लग जातच नाही, त्या चार पिनांना जागाच नसते. मी लोकांना त्या पिना पक्कडीने उपटताना पाहिलं आहे. तसं करू नका, २४+१ मागा. त्यात मधल्या सहा पिना नसलेला १८+१ मिळाला तरी तुमच्या मॉनिटरला पुरेसा आहे, का ते पुढे सांगतो.

घरातल्या ड्रॉवरमध्ये कदाचित एक पांढरा ठोकळा सापडेल, एकीकडे डीव्हीआयच्या पिना आणि दुसरीकडे व्हीजीएची भोकं. जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यात तो फुकट यायचा. त्याला एचडीएमआय-डीव्हीआय अडॅप्टर जोडून व्हीजीए काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो ठोकळा फक्त डीव्हीआय-आयमधल्या त्या चार अॅनालॉग पिनांवर चालायचा. एचडीएमआयमध्ये अॅनालॉग मुळातच नाही, तर ठोकळ्यातून येणार काय? पुढे ग्राफिक्स कार्डवाल्यांनीही अॅनालॉग सोडून दिलं. एनव्हिडियाच्या २०१६ सालच्या जीटीएक्स १०८० वर डीव्हीआय आहे, पण नुसतं डिजिटल, म्हणून तिथेही हा ठोकळा बसतसुद्धा नाही. इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी व्हीजीए हळूहळू बंद करणार असं डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं. त्यानंतरही लॅपटॉपवर निळं सॉकेट बरीच वर्षं दिसत राहिलं, कारण सरकारी कार्यालयांतले आणि शाळांतले प्रोजेक्टर काही बदलले नव्हते.

केबल आली की आधी मॉनिटर बंद करून दोन्ही टोकं जोडा, डीव्हीआयचे दोन स्क्रू हाताने आवळा (नुसतं अडकवून ठेवलं की टेबल हललं तरी डिस्प्ले जातो), मग मॉनिटर चालू करा आणि त्याच्यावरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून डीव्हीआय निवडा. हे बटण विसरल्यामुळे मला जितके फोन येतात तितके खराब केबलमुळे येत नाहीत. जुने मॉनिटर आधी वापरलेल्या इनपुटलाच चिकटून बसतात आणि 'नो सिग्नल' म्हणत राहतात. त्यानंतर विंडोज की धरून पी दाबा. चार पर्याय येतील, त्यातला 'एक्सटेंड' घ्या. 'डुप्लिकेट' घेतलं तर लॅपटॉपचा १९२० बाय १०८० आणि मॉनिटरचा १६८० बाय १०५० यांत विंडोज दोघांना जमेल असं काहीतरी मधलं रिझोल्यूशन शोधतं, आणि मग 'जुन्या मॉनिटरवर सगळं पुसट दिसतं' ही तक्रार सुरू होते. पुसटपणा मॉनिटरचा नसतो, डुप्लिकेटचा असतो. तसंच स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर विंडोज १२५ किंवा १५० टक्के ठेवतं, ते मॉनिटरसाठी वेगळं १०० टक्के करून घ्या.

एलसीडी मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच नीट दिसतो, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमी. तुमचा २२ इंची रुंद मॉनिटर बहुधा १६८० बाय १०५०चा असेल. १७ इंची चौकोनी असेल तर १२८० बाय १०२४, १९ इंची रुंद असेल तर १४४० बाय ९००, साडेअठरा इंची असेल तर १३६६ बाय ७६८, आणि जुन्या चांगल्या २४ इंचीत १९२० बाय १२०० सापडतो. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून खात्री करा. वर १८+१ पुरेल म्हटलं त्याचं कारण इथे आहे. एकेरी डीव्हीआयची, म्हणजे त्या मधल्या सहा पिना न वापरणाऱ्याची, मर्यादा सेकंदाला १६.५ कोटी पिक्सेल. १६८० बाय १०५०ला ६० हर्ट्झवर, पडद्याबाहेरच्या मोकळ्या वेळेसह, १४.६ कोटींच्या आसपास लागतात, म्हणजे आरामात बसतं. १९२० बाय १२०० कसंबसं बसतं, तेही मधला मोकळा वेळ कमी केला तर. विंडोज ते स्वतःच करतं.

या हिशेबातून मुख्यतः एक जात सुटते, ती ३० इंची २५६० बाय १६०० मॉनिटरांची. अॅपलचा २००४ मधला सिनेमा डिस्प्ले, डेलचा ३००७डब्ल्यूएफपी, असे काही छपाई आणि डिझाइनच्या ऑफिसांतून अजून निघतात. त्यांना त्या सहा पिनाही वापरणारं दुहेरी डीव्हीआय लागतं आणि साध्या एचडीएमआय-डीव्हीआय केबलवर ते १२८० बाय ८००च्या वर जात नाहीत. त्यांच्यासाठी डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या डिजिटल जोडणीवरून चालणारा, वेगळी यूएसबी वीज घेणारा 'ड्युअल-लिंक' कन्व्हर्टर येतो, आणि तो इतका महाग पडतो की त्यात थोडी भर घातली तर नवा मॉनिटर येईल. हौस असेल तरच करा.

आता समजा तुमचं ते पांढरं सॉकेट बिघडलेलं निघालं, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या मॉनिटरला फक्त व्हीजीएच आहे. मग एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावाच लागतो. तो चालतो, रोज शेकडो ऑफिसांत चालतो, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात.

पहिली खोड विजेची. कन्व्हर्टरमधली चिप एचडीएमआयच्या पिनेतूनच ५ व्होल्ट घेते. नियमाप्रमाणे लॅपटॉपने तिथे किमान ५५ मिलिअँपिअर द्यायला हवेत, आणि काही लॅपटॉप तेवढेच देतात. चिप जास्त मागणारी असेल तर डिस्प्ले येतो-जातो, किंवा लॅपटॉप चार्जरवर असताना चालतो आणि बॅटरीवर बंद पडतो. म्हणून कडेला वेगळं मायक्रो-यूएसबी किंवा टाइप-सी वीज घेणारं भोक असलेला कन्व्हर्टर घ्यावा. ते भोक वापरावं लागलं नाही तर उत्तम, पण असलेलं बरं.

दुसरी खोड ओळखीची. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी मेमरी असते, तिच्यात १२८ बाइटमध्ये 'मी कोण, माझं रिझोल्यूशन काय' हे लिहिलेलं असतं. याला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिना हीच माहिती कॉम्प्युटरपर्यंत नेतात. अगदी स्वस्त केबलमध्ये या तारा भरलेल्याच नसतात. मग लॅपटॉपला मॉनिटर कोण ते कळत नाही आणि तो १०२४ बाय ७६८ वर अडून बसतो, यादीत पुढचं काही येतच नाही. लोक ड्रायव्हर टाकत बसतात, विंडोज फॉरमॅट करतात. उपाय असतो दुसरी केबल. मॉनिटरबरोबर कंपनीने दिलेली मूळ केबल सापडली तर तीच लावा, ती सहसा जाड आणि चांगली असते. केबल बघताना मधल्या ओळीत एक पिन नाही असं दिसेल. नऊ नंबरची पिन पुष्कळ केबल्समध्ये नसतेच, ती मोडलेली नाही. वाकलेली पिन मात्र रंगावरून कळते: सगळं पिवळट दिसलं तर निळ्याची तार गेली, गुलाबी-जांभळट दिसलं तर हिरव्याची, आणि निळसर-हिरवं दिसलं तर लाल गेला.

याच ओळखीचा दुसरा घोळ काही स्वस्त कन्व्हर्टर करतात. ते मॉनिटरची ओळख पुढे देण्याऐवजी स्वतःची ठोकून देतात: ७२० आणि १०८०, टीव्हीसारखं. लॅपटॉप बिचारा १९२० बाय १०८० पाठवतो आणि १२८० बाय १०२४चा मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणून अंधार करतो. अशा वेळी लॅपटॉपच्या पडद्यावरून सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन त्या मॉनिटरच्या 'डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज'मध्ये 'लिस्ट ऑल मोड्स' उघडा आणि ६० हर्ट्झचं योग्य रिझोल्यूशन निवडा. यादीत नसेलच तर कन्व्हर्टर परत करा. १३६६ बाय ७६८वाल्यांना यादीत १३६० बाय ७६८ मिळालं तर बिचकू नका. १३६६ला आठने भाग जात नाही म्हणून बरीच ग्राफिक्स १३६० देतात. कडेला तीन-तीन पिक्सेल सुटतात किंवा चित्र किंचित ताणलं जातं, एवढंच.

तिसरी गोष्ट खोड नाही, बटण आहे. अॅनालॉग तारेवर पिक्सेल एकापाठोपाठ एक येतात, आणि मॉनिटरला प्रत्येकाचं व्होल्टेज नेमक्या क्षणी मोजावं लागतं. एका पिक्सेलला मिळतात जेमतेम सात नॅनोसेकंद. मोजण्याचा क्षण जरा सरकला की अक्षरांच्या कडेला सावली दिसते, बारीक रेघा थरथरतात. त्यासाठी मॉनिटरवर 'ऑटो' बटण असतं. पण ते कधी दाबायचं याला महत्त्व आहे. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राची कड कुठे आहे ते कळत नाही आणि सगळं एका बाजूला सरकवून ठेवतो. नोटपॅड पूर्ण पडदाभर उघडा, पांढऱ्यावर काळा मजकूर भरपूर पेस्ट करा, आणि मग दाबा. मजकूर एकदम उठून दिसतो. तरीही थरथर राहिलीच तर मेनूतलं 'फेज' एकेक पायरी पुढे-मागे करून बघा. इतक्या लोकांनी मॉनिटर म्हातारा झाला म्हणून सोडून दिला आणि त्याला फक्त हे बटण हवं होतं.

पडद्यावर आडवे मंद पट्टे खालून वर सरकत असतील तर तो अर्थिंगचा प्रश्न. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खात्रीच धरा. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे हिरवी तार जोडलेलीच नसते. लॅपटॉपचा चार्जर आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, पुष्कळदा पट्टे जातात. मूळ दुखणं मात्र वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतल्यावरच जाईल, आणि ते मॉनिटरसाठी नाही तर तुमच्यासाठी करायचं.

टाइप-सीबद्दल. तुमच्याकडे अशी दोन भोकं आहेत म्हणून दोन्हीतून डिस्प्ले येईलच असं नाही. टाइप-सी हा फक्त आकार आहे. त्यातून चित्र बाहेर येण्यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्याने डिस्प्लेपोर्टच्या तारा तिथपर्यंत आणलेल्या असाव्या लागतात. पोर्टशेजारी विजेची खूण आणि थंडरबोल्टचं नाव असेल तर चित्र येणार. इंग्रजी डी आणि पी यांच्या जोडाक्षरासारखी खूण असली तरी येणार. नुसती यूएसबीची त्रिशूळासारखी खूण असेल किंवा काहीच नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' शब्द शोधा. तिथे नसेल तर कितीही महागडा अडॅप्टर आणा, फुकट जाईल. असेल तर टाइप-सी टू डीव्हीआय किंवा टाइप-सी टू व्हीजीए असा एकच अडॅप्टर घ्या. टाइप-सीवरून एचडीएमआय, मग एचडीएमआयवरून व्हीजीए अशी आगगाडी जोडू नका. दोन चिपा, दोघींना वीज हवी, आणि बंद पडली की दोष कुणाचा ते शोधत बसा. एचडीएमआय-डीव्हीआय केबल मात्र टाइप-सीच्या एचडीएमआय अडॅप्टरला बिनधास्त जोडा, तिच्यात चिपच नाही.

ज्यांच्या लॅपटॉपमधून चित्र निघायची कुठलीच सोय उरली नाही त्यांच्यासाठी साध्या यूएसबीवरून चालणारे अडॅप्टर येतात, डिस्प्लेलिंकच्या चिपचे. हे वेगळंच प्रकरण आहे: ड्रायव्हर टाकावा लागतो, चित्र दाबून डेटा म्हणून पाठवलं जातं, आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. टॅली, एक्सेल, मेल यांना उत्तम. व्हिडिओ एडिटिंगला नको. अॅपलचे एम१ आणि एम२चे मॅकबुक एअर घेतलेल्यांना दोन बाहेरचे मॉनिटर लावायचे झाले तर हाच मार्ग उरतो, कारण ते मशीन सरळ मार्गाने एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं. दुकानदाराने दिलेला दोन एचडीएमआयवाला साधा टाइप-सी डॉक (एका टाइप-सीतून अनेक पोर्ट काढणारा डबा) मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. मॅकओएस त्या पद्धतीने वेगवेगळी चित्रं देतच नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी आधी कॅबिनेटच्या मागे बघावं. वर मदरबोर्डचं एचडीएमआय आणि खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाचं, अशी दोन असतील तर केबल खालच्यात जाते. वरचं कित्येकदा बंदच असतं, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे एफ आहे त्यांच्यात तर चित्र काढणारा भागच नसतो, तिथे काही लावा, अंधारच. डिस्प्लेपोर्ट असेल आणि त्याच्याजवळ डीपीच्या खुणेला दोन अधिक चिन्हं असतील तर डीव्हीआयसाठी साधा स्वस्त अडॅप्टर चालतो, तो पोर्ट स्वतःच एचडीएमआय-डीव्हीआयच्या भाषेत बोलतो. व्हीजीएसाठी इथेही चिपवाला लागतो. आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वरचं बोंड दाबून काढा, आत दोन आकडे असतात. ओढून काढणाऱ्यांनी मदरबोर्डावरचा पोर्ट उखडलेला मी पाहिला आहे.

आवाजाचा एक घोटाळा आधीच सांगून ठेवतो, कारण तो फोन नंतर येणारच. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टरला आवाजासाठी ३.५ मिमीचा जॅक असतो, आणि तो लॅपटॉपला 'माझ्याकडे स्पीकर आहे' असं कळवतो. विंडोज आवाज तिकडे वळवतं, तिथे कोणी स्पीकर लावलेला नसतो, आणि लॅपटॉप मुका झाल्यासारखा वाटतो. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून आउटपुट परत लॅपटॉपच्या स्पीकरवर आणा. डीव्हीआय केबलवर हा त्रास सहसा होत नाही. दुसरं, व्हीजीएवर कॉपी-संरक्षण नसतं, त्यामुळे सिनेमा-मालिकांची काही अॅप्स त्या मॉनिटरवर काळा चौकोन दाखवतील किंवा कमी दर्जाचं चित्र देतील. त्याला इलाज नाही. ती खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर ओढा. आणि रंग राखाडी, काळा रंग धुतल्यासारखा वाटला तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड' ऐवजी 'फुल' रेंज निवडा. एचडीएमआय समोरच्याला टीव्ही समजून कधी कधी रंग आखडते घेतं.

राहिला भंगाराचा प्रश्न. पैसे घालण्याआधी मॉनिटर नुसता विजेला लावा, काही न जोडता. 'नो सिग्नल'ची पाटी स्वच्छ दिसली आणि स्थिर राहिली तर पॅनल जिवंत आहे. तुमच्याकडे ती दिसते आहे, तेव्हा निम्मी लढाई जिंकलेली आहे. दुसरीकडे लॅपटॉपचं एचडीएमआय घरातल्या टीव्हीला लावून तपासा, म्हणजे दोन्ही टोकं शाबूत असल्याची खात्री होईल आणि दोष फक्त मधल्या जोडणीत उरेल. ज्यांच्या मॉनिटरवर चित्र येतं आणि दोन सेकंदांत अंधार होतो त्यांनी अंधारात मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरावी. अंधुक चित्र दिसलं तर पॅनल चांगलं आहे, मागचा उजेड गेला आहे. पॉवर सप्लायच्या बोर्डावर माथा फुगलेले कपॅसिटर असतील तर ते बदलून पुष्कळ मॉनिटर उठतात, आणि खर्चही फार नसतो. पण हे काम दुरुस्तीवाल्याकडेच द्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दबा धरून बसलेले असतात.

मागच्या उजेडाची ट्यूबच काळवंडली असेल, पडदा पिवळट आणि मंद झाला असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका. आणि तो कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, कारण एलईडीच्या आधीच्या या मॉनिटरांत उजेडासाठी पाऱ्याच्या बारीक ट्यूब असतात, आणि भंगारात त्या फोडल्या जातात.